जुन्या फ्रिजच्या दाराला सोड्याचा नळ: घरी बसवायचा असेल तर

नवा फ्रिज घेताना जुन्याचे किती मिळतील हे ऐकलं की बरेच जण "राहू दे" म्हणतात आणि जुना फ्रिज गॅलरीत जातो. त्यात आधी लोणच्याच्या बरण्या येतात, मग पावसाळ्यातल्या चपला. कॉम्प्रेसर चालू असेल आणि दार नीट लागत असेल, तर याच फ्रिजच्या दाराला नळ बसवून त्यातून थंडगार सोडा काढता येतो. मी तो बसवला आहे आणि रोज वापरतो. माहिती शोधायला लागलो तेव्हा अडचण अशी होती की जे काही सापडायचं ते परदेशातल्या दुकानांच्या हिशोबाने लिहिलेलं. आपल्याकडे कुठला भाग कोणाकडे मिळतो आणि कुठे फसायला होतं, ते इथे क्रमाने सांगतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. सोडा गॅसने होतो हे खरं, पण तो टिकतो थंडीमुळे. पाण्यात कार्बन डायऑक्साइड किती मुरेल हे दाब आणि तापमान मिळून ठरवतात. दुकानातल्या सोड्याइतका झणझणीतपणा हवा असेल तर ४ अंश सेल्सिअसच्या पाण्याला साधारण ३० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड, हे दाबाचं माप) दाब पुरतो. तेवढ्याच झणझणीतपणाला १० अंशांच्या पाण्याला ४० च्या वर दाब लागतो आणि ३० अंशांच्या पाण्याला ८५ च्या आसपास. वर ते कोमट पाणी नळातून बाहेर पडताच सगळा गॅस फेस होऊन उडून जातो. सोडा 'पांचट' लागला की लोक रेग्युलेटर पिळत बसतात. निम्म्याहून अधिक वेळा दोष गॅसचा नसतो, पाणी पुरेसं गार झालेलं नसतं.

१. आधी हवंय का ते ठरवा

घरात आठवड्याला दोन-तीन बाटल्या सोडा लागत असेल तर या भानगडीत पडू नका. छोट्या नळकांडीवर चालणारं हाताचं सोडा मशीन किंवा कोपऱ्यावरचं दुकान बरं. घरात माणसं जास्त, रोज लिंबू सोडा किंवा कोकम सोडा होतो, उन्हाळ्यात पाहुण्यांची ये-जा आहे, आणि पाना-ड्रिल हातात घ्यायची आवड आहे, अशांसाठी हे काम आहे.

फ्रिज ठेवायची जागाही आत्ताच बघून ठेवा. खोली हवेशीर हवी. खिडकी बंद करून एसी लावून झोपतो त्या खोलीत हे नको. कारण चौथ्या पायरीत सांगतो.

२. फ्रिज तपासा आणि मोजा

सर्वात सोयीचा म्हणजे साधा सिंगल डोअर, डायरेक्ट कूल फ्रिज. आपल्याकडे १६५ लिटरचे असे फ्रिज घरोघरी होते. फ्रॉस्ट फ्री, डबल डोअर फ्रिजही चालतो, पण त्यात पंखा, हवेचे मार्ग, वायरिंग अशी गुंतागुंत असते. पहिल्यांदाच करत असाल तर साधा घ्या.

रिकामा फ्रिज चालू करून आत पाण्याच्या भांड्यात थर्मामीटर बुडवून ठेवा. दुसऱ्या दिवशी ४-५ अंश दिसले पाहिजेत. दाराच्या रबरात कागद धरून दार लावा आणि कागद ओढा. सहज निघाला तर रबर बदला. ते स्वस्तात मिळतं आणि विजेचं बिल वाचतं. थ्री-पिन प्लग आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. इथे पाणी सांडणार आहे, पत्र्याला करंट येत असेल तर तो फ्रिज या कामाचा नाही. भंगारवाल्याकडून आणणार असाल आणि तो टेम्पोत आडवा टाकून आणला असेल, तर उभा करून एक दिवस तसाच ठेवा आणि मगच बटण दाबा. कॉम्प्रेसरचं तेल खाली बसू द्यावं लागतं.

जुन्या फ्रिजना दाराला किल्लीचं कुलूप किंवा खटक्याचं हँडल असे. घरात लहान मुलं असोत वा नसोत, ते काढून टाका. आतून दार उघडता येत नाही आणि रिकामा फ्रिज मुलांना लपायची जागा वाटतो.

आता मापं. सोड्याचं पाणी ज्या स्टीलच्या टाकीत राहतं तिला केग म्हणतात. १९ लिटरचा केग साधारण ६३ सेंटीमीटर उंच आणि २२ सेंटीमीटर व्यासाचा असतो. वर जोडण्या बसतात त्यामुळे उंची ६८-७० धरा. सिंगल डोअर फ्रिजमध्ये दोन अडथळे येतात. वर फ्रीजरचा डबा, आणि खाली मागच्या बाजूला कॉम्प्रेसरसाठी आलेला उंचवटा. केग त्या उंचवट्याच्या पुढे उभा राहिला पाहिजे आणि दारही लागलं पाहिजे. पुठ्ठ्याची तेवढीच गुंडाळी करून फ्रिजमध्ये उभी करून बघा, मगच केग घ्या. बसत नसेल तर साडेनऊ लिटरचा बुटका केग मिळतो. चार माणसांच्या घराला तोही पुरतो. केग बसवण्यासाठी फ्रीजरचा डबा वाकवायचा मोह मात्र धरू नका. त्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यातच गॅसच्या नळ्या आहेत, एक चीर गेली की फ्रिज संपला.

३. सामान आणि ते कुठे मिळतं

- केग: बॉल लॉक प्रकारचा, स्टेनलेस स्टीलचा. घरी बिअर बनवण्याचं सामान विकणारे ऑनलाइन दुकानदार ठेवतात. जुना मिळाला तरी चालतो, रबरी रिंगा बदलून घ्या.
- सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर: २ ते ५ किलोचा.
- प्रेशर रेग्युलेटर: दाब दाखवणारे दोन काट्याचे मीटर असलेला. बाहेरचा दाब शून्यापासून निदान ६० पीएसआयपर्यंत नेता आला पाहिजे.
- एनआरव्ही (नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह): गॅसच्या पाइपमध्ये बसवायचा. पाणी उलट रेग्युलेटरमध्ये जाऊ देत नाही.
- बॉल लॉक कनेक्टर दोन: गॅसचा राखाडी, पाण्याचा काळा.
- गॅसचा पाइप दोन-तीन मीटर, पाण्याचा पाइप सात-आठ मीटर.
- नळ आणि त्याची आरपार जाणारी नळी, दोन्ही ३०४ ग्रेड स्टेनलेसचे.
- ड्रिल, नळीच्या मापाचा होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत), कानस, टेफ्लॉन टेप, पाने, क्लिपा, फूड ग्रेड सिलिकॉन ग्रीस.
- वजनकाटा. लगेजचा लटकता काटाही चालेल.

बॉल लॉक म्हणजे काय? हे केग मुळात अमेरिकेत शीतपेयांचं सरबत हॉटेलांना पोचवायला बनवलेले. पेप्सीवाल्यांचे बॉल लॉक आणि कोका-कोलाचे पिन लॉक. दोन्हींचे कनेक्टर एकमेकांना लागत नाहीत. कॉर्नेलियस नावाच्या कंपनीमुळे यांना अजून 'कॉर्नी' म्हणतात. पुढे हॉटेलांनी सरबत प्लास्टिकच्या पिशवीत घ्यायला सुरुवात केली आणि हे केग हौशी लोकांच्या हाती आले.

पाण्याच्या पाइपसाठी सर्वात सोपा उपाय गल्लीतच आहे. आरओ दुरुस्तीवाल्याकडे मिळतो तो पाव इंची पांढरा पाइप. फूड ग्रेड असतो, खटकन बसणारे जोड मिळतात, आणि आतला व्यास चार मिलिमीटरच्या थोडासा वर असल्यामुळे सोड्याला अगदी योग्य. पाइपवर दाबाची क्षमता छापलेली असते ती वाचून घ्या, बिनछापाचा घेऊ नका.

पितळ आणि तांबं टाळा. सोडा आंबट असतो. तो पितळी जोडातून किंवा क्रोमचा मुलामा दिलेल्या पितळी नळातून गेला तर तांबं पाण्यात उतरतं, चव बिघडते आणि पोटही. दुकानदार "चालतंय की साहेब" म्हणेल. गॅसच्या बाजूला, एनआरव्हीच्या आधी चालतं. पाण्याच्या बाजूला नाही.

केगला पर्याय म्हणून पाण्याचा जार, फिल्टरचं भांडं, प्रेशर कुकर किंवा पीव्हीसी पाइपची टाकी बनवायची शक्कल कोणी सुचवली तर नमस्कार करून पुढे चला. ३० पीएसआय आकडा लहान वाटतो, पण मोठ्या भांड्यात तो साठला की झाकण बंदुकीच्या गोळीसारखं सुटतं. खऱ्या केगवर १३० पीएसआयची मर्यादा कोरलेली असते आणि झाकणावर जादा दाब सोडायचा व्हॉल्व्ह असतो.

४. सिलिंडर: इथे घाई नको

या सगळ्यात ज्याला जपायचं ती वस्तू ही. सामान्य तापमानाला सीओटू सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो आणि २० अंशांना त्याचा दाब ८०० पीएसआयच्या वर असतो. ३१ अंशांच्या वर तर आत वेगळा द्रव उरतच नाही आणि दाब झपाट्याने चढतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात याचा अर्थ सरळ आहे. सिलिंडर उन्हात, गच्चीवर, गाडीच्या डिकीत ठेवायचा नाही. आणि तो कधीच काठोकाठ भरून घ्यायचा नाही. "थोडा जास्त भरून द्या" ही विनंती इथे करू नये.

कुठे मिळतो? वेल्डिंगच्या गॅसचे डीलर बहुतेक एमआयडीसीच्या आसपास असतात. मत्स्यालयात पाणवनस्पती वाढवणारे लोकही लहान सिलिंडर वापरतात. पण सर्वात चांगली युक्ती म्हणजे जवळच्या सोडा पबवाल्याला, दोन ग्लास पिऊन झाल्यावर, तो गॅस कुठून आणतो ते विचारायचं. त्याला गॅस खाण्याच्या दर्जाचा लागतो आणि तुम्हालाही तोच हवा. डीलरकडे फूड ग्रेड असं स्पष्ट मागा आणि बिलावर तसं लिहून घ्या.

डीलरकडे जाताना ओळखपत्र, अनामत रक्कम आणि स्वतःचा रेग्युलेटर बरोबर न्या. रेग्युलेटर न्यायचा तो आटे जुळतात का ते तिथेच बघायला. न जुळणारे आटे टेफ्लॉन गुंडाळून बसवणारा माणूस भेटला तर तिथून सिलिंडर घेऊ नका. सिलिंडरच्या खांद्यावर चाचणीची तारीख ठोकलेली असते. दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी लागते, ती उलटलेली असेल तर नको म्हणा. देशातले गॅस सिलिंडर २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांखाली येतात आणि त्यावर देखरेख करणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. मान्यता नसलेला, कुठून तरी आलेला सिलिंडर नियमाने भरूच देता येत नाही. म्हणून जुन्या बाजारात स्वस्त मिळाला तरी तो घेण्यात अर्थ नाही.

तीन फसगती:

पहिली, आग विझवायचा सीओटू सिलिंडर. गॅस तोच, पण त्यात तळापर्यंत नळी असते आणि चावी उघडली की गॅसऐवजी द्रव बाहेर येतो. रेग्युलेटर गोठतो, बिघडतो. याच कारणासाठी साधा सिलिंडरही कायम उभाच वापरायचा, आडवा नाही.

दुसरी, वेल्डिंगचा रेग्युलेटर. त्यावर मिनिटाला किती लिटर गॅस जातो ते दिसतं. आपल्याला प्रवाह नको, दाब हवा. बाहेरच्या मीटरवर पीएसआय किंवा केजी प्रति चौरस सेंटीमीटर असं लिहिलेलं हवं. ३० पीएसआय म्हणजे साधारण २.१ केजी.

तिसरी, सिलिंडरच्या दाबाचा मीटर बघून "अजून भरपूर आहे" समजणं. आत द्रव शिल्लक आहे तोवर काटा जागचा हलत नाही, आणि हलला की संपत आलेला असतो. गॅस किती उरला हे वजनावरूनच कळतं. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावर ठोकलेलं असतं.

आता हवेशीर जागेबद्दल. एक किलो सीओटूचा साधारण साडेपाचशे लिटर वायू होतो. दहा बाय दहाच्या बंद खोलीत पाच किलोचा सिलिंडर पूर्ण रिकामा झाला तर हवेत त्याचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास जातं. तेवढ्यात माणूस बेशुद्ध पडतो. दोन किलोचा रिकामा झाला तरी चार टक्के होतात, डोकं दुखतं, धाप लागते. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, याला नाही. शिवाय तो हवेपेक्षा दीडपट जड, जमिनीलगत साठतो. म्हणून लहान सिलिंडर, उघडी खिडकी, आणि न वापरताना चावी बंद. घाबरायचं काही नाही, पण कोंदट स्टोअररूम नको म्हणजे नको.

५. दाराला भोक

भोक दारालाच पाडायचं. बाजूच्या पत्र्याला नाही. आता येणाऱ्या बहुतेक फ्रिजना मागे काळी जाळी नसते, गरम नळ्या बाजूच्या पत्र्याच्या आतून फिरवलेल्या असतात. दाराच्या चौकटीलगतही नळी असू शकते. त्यात ड्रिल गेलं तर गॅस जातो, आणि नव्या फ्रिजमध्ये तो गॅस बहुधा आर६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो, जो पेट घेतो. साध्या सिंगल डोअर फ्रिजच्या दारात मात्र फक्त पफ (थंडी धरून ठेवणारा फोम) किंवा काचेचा कापूस असतो. दारावर डिस्प्ले किंवा बटणं असतील तर आत वायर आहे, तिथून लांब राहा.

प्लग काढा. दाराच्या आतले कप्पे उतरवा. नळ कुठल्या उंचीवर हवा ते खाली मोठा ग्लास धरून ठरवा. दाराची जाडी मोजा आणि आरपार नळी त्याहून दोन-तीन सेंटीमीटर लांब घ्या. हे माप न घेता नळ मागवला तर नट आतल्या बाजूला पोचतच नाही.

मास्किंग टेप लावून आधी बारीक ड्रिलने सरळ आरपार भोक पाडा. मग होल सॉ बाहेरून अर्धा आणि आतून अर्धा चालवा. एकाच बाजूने दामटलं तर आतलं जुनं प्लास्टिक तडकतं. पत्र्याच्या कडा कानशीने घासून गंजरोधक प्रायमर लावा. भोकात प्लास्टिक पाइपचा दाराच्या जाडीइतका तुकडा बसवा, म्हणजे नट आवळताना मधला पफ दबून दार खोलगट होणार नाही. वायसर घालून नळ बसवा.

सिलिंडर आत ठेवायचा की बाहेर? आत जागा असेल तर दोन किलोचा कॉम्प्रेसरच्या उंचवट्यावर छान बसतो आणि उन्हाचा प्रश्नच मिटतो. थंडीत मीटरचा काटा कमी दिसेल, ५५० पीएसआयच्या आसपास, त्याची काळजी नको. जागा नसेल तर बाहेर, भिंतीला साखळीने बांधून. मग गॅसचा पाइप आत न्यायला दाराच्या बिजागरीकडच्या बाजूने, चौकटीपासून आत, दुसरं लहान भोक पाडा आणि दार उघडताना ताण येणार नाही इतका पाइप सैल ठेवा.

६. जोडणी

क्रम असा: सिलिंडर, रेग्युलेटर, गॅसचा पाइप, एनआरव्ही, राखाडी कनेक्टर, केग. मग केगवरून काळा कनेक्टर, पाण्याचा लांब पाइप, नळ. एनआरव्हीवरचा बाण केगकडे हवा. केगवर 'इन' आणि 'आउट' कोरलेलं असतं. राखाडी कनेक्टर चुकीच्या तोंडावर बसतो, पण नंतर निघता निघत नाही.

पाण्याचा पाइप सात-आठ मीटर कशाला, नळ तर हातभर अंतरावर आहे, असं वाटेल. लांबी हीच इथली युक्ती आहे. केगमधला ३० पीएसआय दाब अरुंद, लांब पाइपमधून येता येता घर्षणाने उतरतो आणि सोडा नळातून शांतपणे पडतो. पाइप हातभर ठेवला तर ग्लासात फेस आणि भिंतीवर सोडा. पाइप गुंडाळून केगच्या डोक्यावर ठेवा, फ्रिजच्या आतच, म्हणजे तोही गार राहील. सुरुवात लांबच ठेवा. धार फारच बारीक वाटली तर अर्धा-अर्धा मीटर कापता येतो. वेग कमी-जास्त करता येणारा नळ मिळाला तर थोडा आखूड पाइपही चालतो.

७. गळती तपासा, रिकाम्या केगवर

रेग्युलेटरचा खटका उलटा फिरवून पूर्ण सैल करा. सिलिंडरसमोर तोंड न आणता बाजूला उभं राहून चावी हळू उघडा. मग खटका आवळत ३० पीएसआयपर्यंत आणा.

केगचं झाकण अंडाकृती असतं आणि आतून बसतं. गोटी सोड्याच्या बाटलीत गोटी जशी आतल्या दाबानेच तोंडाशी घट्ट बसते, तसंच हे. त्यामुळे कमी दाबावर झाकणातून गळती होणं साहजिक आहे. झाकणाच्या रबराला ग्रीसचं बोट लावा, झाकण वर ओढून धरा आणि दाब झटकन द्या. बसतं.

प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावा. बुडबुडा फुगला तर आवळा. मग सिलिंडरची चावी बंद करून मीटरवर काटा कुठे आहे तिथे खूण करा आणि रात्रभर सोडा. सकाळी काटा तिथेच हवा. ही तपासणी केग रिकामा असतानाच करायची, कारण पाणी भरलेलं असेल तर गॅस पाण्यात मुरूनही दाब उतरतो आणि नसलेली गळती शोधण्यात दिवस जातो. जोडाची गळती हीच सिलिंडर लवकर संपण्याची नेहमीची वाट आहे.

८. पाणी, थंडी, गॅस

केग कोमट पाण्यात लिंबाचं फूल घालून धुवा, दोनदा खळखळून घ्या. त्यात ब्लीच वापरू नका, क्लोरीनने स्टेनलेसवर बारीक खड्डे पडतात.

पाणी आरओचं किंवा चांगलं गाळलेलं. क्लोरीनचा वास असेल तर सोड्यात तो दुप्पट जाणवतो. १९ लिटरच्या केगमध्ये १७ लिटरच भरा, गॅसचं तोंड पाण्यात बुडता कामा नये. दुकानी सोड्यासारखी चव हवी तर पाव चमचा खायचा सोडा घाला. मी घालत नाही.

झाकण लावून दाब द्या, व्हॉल्व्हची कडी ओढून हवा सोडा. असं तीन-चारदा. आतली साधी हवा निघून गेली नाही तर दाब दिसतो ३०, पण त्यातला गॅसचा वाटा कमी असतो आणि सोडा मिळमिळीत होतो.

मग केग फ्रिजमध्ये ठेवून एक पूर्ण दिवस गॅसशिवाय नुसतं थंड होऊ द्या. छोट्या फ्रिजला एवढं पाणी थंड करायला वेळ लागतो, आणि फ्रिज जुना, बाहेर एप्रिल असेल तर जास्तच. थंड झाल्यावर दोन मार्ग आहेत.

एक, ३० पीएसआय जोडून आठवडाभर विसरून जा. सोडा आपोआप होतो आणि चांगला होतो.

दोन, घाई असेल तर गॅस जोडलेला ठेवून केग मांडीवर आडवा घेऊन पाच-दहा मिनिटं हलवा. गॅस आत जाताना खळखळ ऐकू येते, ती थांबत आली की पुरे. परत फ्रिजमध्ये काही तास. एनआरव्ही नसेल तर हा मार्ग धरू नका, पाणी रेग्युलेटरमध्ये जाईल.

एका केगला हवा काढण्यात जाणारा गॅस धरून तीनशे ग्रॅमच्या आसपास गॅस जातो. पाच किलोच्या सिलिंडरमध्ये पंधराएक केग व्हायला हवेत. खूपच कमी होत असतील तर सातव्या पायरीकडे परत जा.

थर्मोस्टॅट फार वर नेऊ नका. फ्रीजरच्या डब्याखालचा पाइप गोठला की नळ कोरडा पडतो आणि लोक केग रिकामा समजून उघडायला जातात.

९. नळातून नुसता फेस येतोय

पहिल्या ग्लासात थोडा फेस येणारच, नळ दाराबाहेर गरम झालेला असतो. दुसऱ्या ग्लासापासून नीट यायला हवं. येत नसेल तर या क्रमाने बघा. पाण्याचं तापमान, थर्मामीटर घालून, अंदाजाने नाही. नळ पूर्ण उघडताय का, कारण अर्धवट उघडलेला नळच फेस करतो. पाइपची लांबी. मग काळ्या कनेक्टरखालच्या नळीची छोटी ओ-रिंग. ती फाटली असेल तर गॅस पाण्याच्या पाइपमध्ये शिरतो आणि पाइपात सतत बुडबुडे पळताना दिसतात. रुपया-दोन रुपयांची वस्तू, पण तिच्यापायी लोक अख्खा नळ बदलतात.

१०. सरबत केगमध्ये नको

केगमध्ये थेट कोकम सरबत किंवा लिंबू सरबत भरण्याची कल्पना सगळ्यांनाच सुचते. साखर पाइपात, नळात चिकटते, दोन आठवड्यांत आंबूस वास येतो, आणि पुढचा साधा सोडाही कोकमाचाच लागतो. केगमध्ये फक्त सोडा, बाकी सगळं ग्लासात. अमृत कोकम, वाळ्याचं सरबत, आवळा, कैरीच्या पन्ह्याचा गर, सगळं चालतं. सरबत तळाला, वर ग्लास तिरका धरून सोडा. मसाला सोड्यात मीठ आधी लिंबाच्या रसात विरघळवा. वरून मीठ टाकलंत तर सोडा उकळून ओट्यावर येतो आणि झणका निघून जातो. मुलांना हे दाखवू नका, रोज करतील.

११. वापरात ठेवताना

केग उघडण्याआधी गॅसचा कनेक्टर काढा, कडी ओढून दाब पूर्ण सोडा, फुस्स थांबल्यावरच झाकणाला हात लावा. दर दोन-तीन केगनंतर लिंबाच्या फुलाचं पाणी पाइपातून आणि नळातून सोडा. नळाच्या तोंडाशी मुंग्या लागतात, रात्री ओल्या फडक्याने पुसून घ्या. रबरी रिंगा वर्षातून एकदा बदला. फ्रीजरवर बर्फ साठला तर डीफ्रॉस्टचं बटण दाबा, सुरी लावू नका.

गावाला जाताना सिलिंडरची चावी बंद करा, रेग्युलेटरच्या खटक्यावर अवलंबून राहू नका. आठवड्याहून जास्त दिवस जाणार असाल तर केग रिकामा करून झाकण उघडं ठेवा, फ्रिजचा प्लग काढा आणि दार बंद होणार नाही असं लाकूड मध्ये घाला, नाहीतर परत आल्यावर बुरशीचा वास घालवायला आठवडा जातो.